लाकडी सोऱ्या आणि ३११ नावं

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिळगुळाच्या ताटाशेजारी मी एक चंदेरी सोऱ्या मांडून ठेवला होता. लांबून पाहिलं तर स्टीलचा. वर काळं बटण, मागे वायर, वायरीला पिन. उचलला की कळायचं, लाकडाचा आहे. पलंगाचे पाय करून देणाऱ्या एका खराद्याकडून साडेतीनशे रुपयांत करून घेतला होता आणि रंगाचे दोन हात मी स्वतः मारले होते. बटण जुन्या मिक्सरचं. वायर आत कशालाच जोडलेली नव्हती.

पहिल्या बाईने वाण हातात घेता घेताच विचारलं, "हे काय गं?" मी म्हटलं, विजेवर चालणारा सोऱ्या करतेय, चकलीचा, हा नुसता नमुना आहे, घ्यावासा वाटला तर त्या वहीत नाव लिहा. संध्याकाळ संपेपर्यंत वहीत ४१ नावं आली. रात्री ती वही उशाशी घेऊन झोपले. असलं काहीतरी माणूस पहिल्याच यशाला करतो.

थोडं मागचं सांगायला हवं. मी मेकॅनिकलची. इंदूरजवळ पीथमपूरला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात अकरा वर्षं काढली. पहाटेची बस, संध्याकाळची बस, मधे असेंब्ली लाइन. नोकरी सोडण्याची कारणं इथे नकोत, ती सगळ्यांची सारखीच असतात. सोडली तेव्हा दिवाळी तोंडावर होती आणि इंदूरमधल्या लोकमान्यनगरच्या आमच्या घरात सासूबाईंनी नेहमीप्रमाणे आठ किलो भाजणीचा घाट घातला होता. दिवसभर चकल्या पाडायच्या आणि रात्री हात गरम पाण्यात घालून बसायचं, हे मी लग्न झाल्यापासून पाहत आले होते. या वेळी घरी होते म्हणून नीट पाहिलं. बॅगा तोलायचा स्प्रिंगचा काटा सोऱ्याच्या दांड्याला अडकवला आणि ओढून पाहिलं. ऊन भाजणीला सहा-सात किलोचा जोर लागत होता, थंड होऊन घट्ट झालेलीला दहाच्या आसपास. दांडा मधल्या आट्यापासून जेमतेम दहा सेंटीमीटर लांब. सत्तरीच्या बाईने एका घाण्याला तीसेक वेळा हे करायचं. माझ्यातल्या इंजिनिअरने तिथेच ठरवून टाकलं, याला मोटर लावायची.

मोटर कुठली, हेही डोक्यात होतं. गाडीच्या वायपरची. बारा व्होल्टवर चालते, आत वर्म गिअर असतो म्हणून फिरते सावकाश आणि जोर भरपूर देते. भंगारात स्वस्त मिळते. अडचण मोटरची नव्हतीच. प्लॅस्टिकच्या बाहेरच्या कवचाचा साचा करायला सांवेर रोडच्या एका टूलरूमने सहा लाख सांगितले. शंभर नगांसाठी साचा करणं म्हणजे वेडेपणा, दोन हजारांसाठी केला तर परवडतं. पण दोन हजार लोक घेतील हे कशावरून? म्हणून आधी लोक, मग यंत्र. लाकडी सोऱ्या त्यासाठीच होता.

घरात यावर प्रत्येकाचं मत होतं. नणंदेचा मुलगा इथेच एमबीए करतो, तो तर उडालाच. त्याने ड्रॉपबॉक्स या इंटरनेटवर फायली साठवायच्या सेवेची गोष्ट सांगितली. २००८ साली ती सेवा लोकांसाठी उघडलेलीही नव्हती, तेव्हा तिचा संस्थापक ड्रू ह्यूस्टन याने ती कशी चालेल हे दाखवणारी काही मिनिटांची चित्रफीत टाकली आणि प्रतीक्षायादी एका रात्रीत ५,००० वरून ७५,००० वर गेली. "मामी, आपणही व्हिडिओ करू!" सासरे बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा पुसत स्वतःच्या स्कूटरची गोष्ट सांगितली. लग्न ठरलं तेव्हा नोंदवली होती, घरी आली तेव्हा माझा नवरा चालायला लागला होता. "यादी मोठी असणं म्हणजे चांगलं असतं, असं तुम्हाला कुणी सांगितलं? माल नसला की यादी मोठी होतेच." मग टाटांच्या नॅनो गाडीचा विषय निघाला. २००९ मध्ये दोन लाखांहून जास्त लोकांनी पैसे भरून ती नोंदवली होती, पहिल्या लाखभर गाड्या कुणाला द्यायच्या यासाठी सोडत काढावी लागली होती. गाडी रस्त्यावर आलेली नसताना एवढे पैसे का आले? भाच्याचं म्हणणं, किमतीमुळे. सासऱ्यांचं म्हणणं, नावामुळे. मला सासऱ्यांचं पटलं. फक्त आमच्यामागे टाटा नव्हते, सासूबाई होत्या.

ही थट्टा नाही. पहिल्या ४१ जणींपैकी बहुतेकींनी यंत्राला नाही, सासूबाईंच्या चकलीला नाव दिलं होतं. आमच्या गल्लीत त्यांची चकली प्रसिद्ध आहे. त्यांच्या घरातून आलेलं यंत्र म्हणजे त्यातून तशीच चकली पडणार, असा हिशेब. भाजणी कुणी भाजायची, मोहन किती, हा प्रश्न कुणी विचारला नाही आणि मीही तो काढला नाही.

भाच्याचा व्हिडिओ मात्र थोडा लांबणीवर पडला, आणि ते बरंच झालं. जानेवारीच्या थंडीत आम्ही सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात गराडू, म्हणजे तळलेला कंद, खायला गेलो होतो. तिथे कॉलेजमधला एक ज्युनिअर भेटला, तो आता पेटंटची कामं करतो. जिरावण मसाला भुरभुरलेला गराडू टोचून तोंडात टाकत मी त्याला सगळं उत्साहाने सांगितलं. त्याचा चमचा थांबला. "दीदी, दाखवलंस कुणाला?" मी म्हटलं, ४१ जणींना. त्याने मग समजावून सांगितलं ते असं. आपल्याकडे अर्ज करण्याआधी शोध लोकांसमोर उघड झाला की तो नवा राहत नाही, मग पेटंट मिळत नाही. सरकारने जाहीर केलेल्या काही ठरावीक प्रदर्शनांना सूट आहे, पण माझं हळदीकुंकू त्यात बसत नव्हतं. वाचवलं ते लाकडाने. नमुना आतून भरीव होता. मोटरचा जोर दट्ट्यावर कसा जातो आणि अडकला की सुटतो कसा, ही माझी खरी युक्ती त्यात कुणाला दिसलीच नव्हती. पण बाहेरचा आकार सगळ्यांनी पाहिला होता, त्यामुळे डिझाइन म्हणून त्या आकाराची नोंदणी करण्याचा रस्ता बंद झाला. दोन हात रंग लावायला मी एक रविवार घालवला होता, तो असा गेला. यंत्रणेसाठी मी त्याच आठवड्यात पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज केला. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन १,६०० रुपये शुल्क, आणि पूर्ण तपशील द्यायला बारा महिने. त्यानंतरच भाच्याला कॅमेरा काढू दिला.

व्हिडिओ त्याने छान केला. सासूबाईंच्या हातातल्या चकल्या, वर त्यांचाच आवाज, शेवटी लाकडी सोऱ्या. पण तो पाठवायचा कसा? व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ पर्यंत माणसं घालता येतात, मला वाटलं झालं काम. आठ दिवसांनी शेजारच्या काकू म्हणाल्या, "तुझं काहीच आलं नाही गं." तेव्हा कळलं की ज्यांनी आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवलेला असतो त्यांनाच तो निरोप जातो. वहीत मी त्यांचे नंबर घेतले होते, माझा कुणाला दिलाच नव्हता. म्हणजे मी आठ दिवस जवळजवळ भिंतीशी बोलत होते. मग एकेकीच्या हातात फोन देऊन म्हणायला लागले, आत्ता माझ्यासमोर नंबर साठवा. काय नावाने? "सोऱ्यावाली" म्हणून. आज गल्लीत मला त्या नावाने ओळखणाऱ्या आहेत, काहींना माझं खरं नाव आठवतही नसेल.

आणि सर्वांत चांगली जागा सापडली ती कचरागाडीपाशी. स्वच्छतेत २०१७ पासून सलग सात वर्षं इंदूर पहिलं आलं याचं कौतुक बाहेरगावचे लोक करतात. आमच्यासाठी ती सकाळची गाडी म्हणजे घड्याळ आहे. गाणं ऐकू आलं की गल्लीतल्या सगळ्या जणी ओल्या-सुक्याचे वेगवेगळे डबे घेऊन एकाच वेळी दारात. तीन-चार मिनिटं. एरवी कुणाच्या घरी जायचं तर चहा, मग विषय, मग सून, मग निघताना सोऱ्या. इथे डबा रिकामा होईपर्यंत बोलून टाकावं लागतं. दोन वाक्यांत न सांगता येणारी गोष्ट कुणाला कळत नाही, हे मला तिथे कळलं. दोन वाक्यांत सांगितलेली गोष्ट प्रत्येकीला वेगळीच कळते, हे मात्र फार उशिरा.

चैत्रापर्यंत वहीत १४८ नावं झाली. भाचा म्हणाला, नुसत्या नावाला काय अर्थ, पैसे मागा. सासऱ्यांनी त्याला नाव दिलं, यंत्रपूर्व सवलत. त्यांची निम्मी पुस्तकं प्रकाशनपूर्व सवलतीत घेतलेली आहेत, त्यामुळे कल्पना त्यांना मान्य होती. मी १०१ रुपये ठरवले. शकुनाचा आकडा, आणि कधीही परत. आमच्या सीएने बजावलं की पावती दे, वेगळ्या खात्यात ठेव, हात लावू नकोस. पुढे कंपनी केलीस तर मालापोटी घेतलेले आगाऊ पैसे ३६५ दिवसांत मालात वळते व्हायला हवेत, नाहीतर कायद्याने ती ठेव धरली जाऊ शकते. ठेवी घेणं हा वेगळा आणि अवघड धंदा आहे. मी १०१ रुपयांना एवढी भीत कधीच नव्हते.

१४८ पैकी १९ जणींनी दिले. बाकीच्यांचं काय झालं म्हणाल तर काहीच नाही. "हो गं, देते ना", "यांना विचारते", "पेटीएम चालत नाहीये". एक जण तर मला पाहिलं की पलीकडच्या फुटपाथवर जायला लागली. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत माझ्याशी. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "नावं आनंदाने लिहिली होती त्यांनी. तू त्याची उधारी करून टाकलीस." भाचा म्हणाला, तेरा टक्के म्हणजे उत्तम आहे. दोघांचंही खरं होतं. मी पैसे मागणं थांबवलं, पण १९ पावत्या झाल्या होत्या.

आता ते सांगते जे सांगायला नको वाटतं.

श्रावणात एका मराठी मंडळाची खाद्यजत्रा होती, तिथे आम्ही टेबल घेतलं. तोपर्यंत वायपर मोटरवरचा पहिला चालता सांगाडा झाला होता. दिसायला भयंकर. लोखंडी चौकटीत घरातलाच पितळी सोऱ्या आवळून बसवलेला. मोटर टेबलाखाली आणि तिथून सायकलची साखळी वर येऊन दांडा फिरवणारी. साखळीला ग्रीस, म्हणून खाली जमिनीपर्यंत चादर सोडलेली. सोऱ्या चौकटीत पक्का, तो हलवता येत नाही, म्हणून सासूबाई खाली ठेवलेला कागद गोल फिरवायच्या आणि त्यावर चकली पडायची. पहिला तास मस्त गेला. मोटर घरघर करायची, लोक थांबायचे, हसायचे, वहीत नावं पडायची. मग कोपऱ्यात ठेवलेली भाजणी गार झाली. ती भरली, मोटर अडली, मी मूर्खासारखी बटण दाबून धरलं, आणि वार्निश जळल्याचा वास आला. मोटर गेली.

समोर माणसं उभी होती. भाच्याने काही न विचारता चादर उचलली, खाली शिरला, मोटरची साखळी काढली, पेडलची दांडी लावली आणि हाताने फिरवायला लागला. मी वर बटण दाबत होते. बटण दाबलं की तो फिरवायचा, सोडलं की थांबायचा. गर्दी वाढली. एक काका म्हणाले, "कमाल आहे, आवाजच नाही!" दुसऱ्या कुणी तरी बायकोला बोलावून आणलं, "ऐक, काही ऐकू येतंय?" पुढच्या सव्वा तासात वहीत ६४ नावं आली. आधीची २४७, एकूण ३११. एवढ्या वेगाने नावं कधीच आली नव्हती.

घरी येताना रिक्षात कुणीच बोललं नाही. भाच्याच्या तळहाताला फोड आले होते. तो एकदाच म्हणाला, "मामी, हे करतात सगळेच. डेमो म्हणतात." मी पीथमपूरला अकरा वर्षांत ज्या एका गोष्टीसाठी भांडले असेन ती म्हणजे तपासणीच्या कागदावर न मोजलेला आकडा लिहिणं. आणि इथे मी ६४ जणांना पोराच्या तळहातावर चालणारं यंत्र विकलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून फोन लावायला बसले. आधी त्या ६४ जणांना. वाक्य पाठ केलं होतं: काल मोटर जळली होती, टेबलाखालून मुलगा फिरवत होता, खऱ्या यंत्राला मिक्सरएवढा नाही तरी आवाज आहे, नाव काढायचं असेल तर काढते. काही जण हसले. एका अग्रवाल भाभींनी मला अर्ध्यात तोडलं, "अरे तो आने दो आवाज, मिक्सर कौन-सा भजन गाता है?" बायकोला बोलावून आणणारे गृहस्थ मात्र चिडले. त्यांनी नात्यातल्या तिघांना फोन करून सांगितलं होतं, आता त्या तिघांना काय सांगू? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांच्यासह नऊ नावं गेली. ते तिघे तर माझ्या यादीत नव्हतेच, त्यांच्यापर्यंत मी कशी पोचणार होते?

एवढे फोन करतेच आहे तर बाकीच्यांनाही करू, असं वाटलं. आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: यंत्र घरी आलं तर पहिल्या दिवशी त्यातून काय काढाल? दोन आठवडे लागले. ३११ पैकी २८६ जणांशी बोलणं झालं. चकली म्हणणारे १२१. शेव म्हणणारे ९४. खरं तर मला कळायला हवं होतं, हे इंदूर आहे, इथे पोह्यावर शेव, कचोरीवर शेव, काहींच्या घरी भाजीतही शेव. कुरडई ३८, शेवया ११. उरलेल्या २२ जणांची उत्तरं मी वेगळ्या पानावर लिहून ठेवली आहेत. एका बाईंना वाटत होतं की यंत्र चकली तळूनही देतं. दोघींना वाटत होतं पीठ मळतं. एका आजोबांना तो मसाला कुटायचा खलबत्ता वाटला होता. आणि एका ताईंनी तर यंत्र नोंदवलंच नव्हतं, दिवाळीसाठी सासूबाईंच्या हातची दोन किलो चकली नोंदवली होती आणि त्या ती कधी मिळेल म्हणून वाट पाहत होत्या.

मी त्या रात्री वही उघडून बसले. एका यंत्राला ३११ नावं आहेत असं मी सात महिने समजत होते. तिथे जितकी नावं तितकी यंत्रं होती, आणि त्यातलं माझ्या डोक्यातलं यंत्र कुणीच नोंदवलेलं नव्हतं. भाजणी, बेसन आणि गव्हाचा चीक हे तीन वेगळे पदार्थ आहेत, तिन्हींना लागणारा जोर वेगळा. शेवेच्या चकतीला बारीक भोकं, म्हणून दाब वेगळा. शिवाय शेव थेट उकळत्या तेलात पडते, तिथे साखळी आणि वायर घेऊन मी कुणाला उभं करणार होते?

सासूबाई दूध घेऊन आल्या. मी म्हटलं, बसा, तुम्हाला विचारलंच नाही, तुम्ही पहिल्या दिवशी काय काढाल?

त्या म्हणाल्या, "जत्रेच्या दुसऱ्या दिवशी उरलेली भाजणी मी त्या चौकटीतच संपवली. तू फोन करून राहिली होतीस. पोरगा नव्हता, मग मीच पेडल फिरवलं आणि मीच कागद. हात नाही दुखला."

"पण मोटर बंद आहे."

"तेच सांगतेय."

मग त्यांनी हात पुढे केला. डावा. फिरवतो तो उजवा हात, पण सोऱ्या गरकन फिरू नये म्हणून घट्ट धरून ठेवतो तो डावा. उजवा जेवढा जोर लावतो तेवढाच डाव्याला उलटा सोसावा लागतो. रात्री गरम पाण्यात असायचा तो डावा हात. इतकी वर्षं त्या तपेलीपाशी मी बसले होते आणि कुठला हात आत आहे हे एकदाही पाहिलं नव्हतं. काटासुद्धा मी उजव्या बाजूलाच अडकवला होता. जोर लावला की तेवढाच उलटा जोर येतोच. हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगता येतं. फिरवायचं तर त्यांना पेडलही सोपं गेलं होतं, कारण त्याची दांडी सतरा सेंटीमीटर, सोऱ्याचा दांडा दहा. दहा किलोचं काम सहावर आलं होतं.

म्हणजे हवी होती ती चौकट. ओट्याच्या कडेला पेचाने आवळायची, घरातला सोऱ्या तिच्यात बसवायचा, दांड्यावर लांब मूठ चढवायची. साचा नाही, सहा लाख नाहीत, पत्रा कापून वाकवला की झालं. एकच अडचण, प्रत्येक घरचा सोऱ्या वेगळा. कुणाचा आजीचा पितळी, कुणाचा लग्नातला स्टीलचा. पकड किती लहान-मोठी ठेवायची?

इथे ती यादी पहिल्यांदा खऱ्या अर्थाने उपयोगी पडली. चकली आणि कुरडई म्हणणाऱ्या १५९ जणींना मी निरोप पाठवला: तुमच्या सोऱ्याच्या पोटाभोवती दोरा गुंडाळा, तो पट्टीवर ठेवा आणि किती सेंटीमीटर भरतो ते कळवा. मला दहा-बारा उत्तरं अपेक्षित होती. ११२ आली. १०१ रुपयांना पलीकडच्या फुटपाथवर गेलेल्या बाईंनी पहिल्या तासात पाठवलं, वर सोऱ्याचा फोटो, आणि तो त्यांच्या आजीने ग्वाल्हेरहून आणला होता ही माहिती. कुणी दोन सोऱ्यांचा घेर पाठवला. कुणी माळ्यावरून काढताना पाठ लचकल्याचं कळवलं. सर्वांत बारीक घेर १६ सेंटीमीटर, सर्वांत मोठा २७. तेवढ्यावर पकड आखली. भाचा म्हणाला, हे वहीतल्या नावांपेक्षा भारी आहे. मला ते त्या दोऱ्यांच्या फोटोंवरून दिसत होतंच. फरशीवर ठेवलेले, पट्टीशेजारी, शाळेतल्या प्रयोगासारखे.

शेववाल्या ९४ जणांना नाही म्हणून सांगावं लागलं. तेलावर चौकट टेकवायचा धोका मी घेणार नव्हते. यात अग्रवाल भाभीही होत्या, त्याचं वाईट वाटलं. पैसे भरलेल्या १९ पैकी सात जणींना हे चालणार नव्हतं, त्यांचे १०१ परत केले. सोबत चकलीची पुडी दिली. सासूबाई म्हणाल्या, पुडी आधी द्यायला हवी होती.

सांवेर रोडला ६० चौकटी करून घेतल्या, किंमत ८५० ठेवली. वसुबारसेपर्यंत ४३ गेल्या. त्यातल्या चार परत आल्या, कारण त्या घरांच्या ओट्याला पेच बसेल एवढी कडच पुढे आलेली नव्हती. ते दोऱ्याने मोजून घ्यायचं मला सुचलं नव्हतं. प्रोव्हिजनलची मुदत जानेवारीत संपते. मोटरचं काय करायचं ते तोवर ठरवायचं आहे, अजून ठरलेलं नाही. लाकडी सोऱ्या फडताळात आहे.

वसुबारसेच्या दुपारी मी बाहेरून आले तर स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज येत होता. उजवा हात मुठीवर, डाव्याने कागद फिरतोय, फोन मान आणि खांद्यात दाबलेला. पलीकडे देवासच्या आत्याबाई असाव्यात.

"नाही हो वन्सं, मोटर नाही त्याला. नाही. आवाज? आवाज माझाच काय तो. हो, लिहून घेते ना तुमचं नाव. पण आधी एक दोरा घ्या."